भोंगा वाजला की आमचं गाव नदीकडे पळतं

माझ्या नाकावर राग आहे, असं आमच्या घरातले म्हणतात. आहे. मी कुठे लपवते? पावसाळ्यात टीव्हीवर एखादा इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस "इशारा देऊनही नदीकाठचे लोक हलत नाहीत, हे अज्ञान आहे" असं म्हणाला, की माझं डोकंच फिरतं. अज्ञान म्हणे! बाबा रे, एकदा ऑगस्टात आमच्याकडे ये, माझ्याबरोबर काठाच्या उताराने खाली उतर, आणि मग बोल.

आमचं गाव तापीच्या काठावर. पपई, केळी, कापूस, सगळं नदीच्या पाण्यावर. काठाखाली सिमेंटचे ओटे बांधलेत आणि त्यांवर ज्याच्या त्याच्या पाण्याच्या मोटारी बसवलेल्या आहेत. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असले की सरकारी गाडी भोंगा लावून फिरते, "नदीकाठच्या नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." एवढं शुद्ध मराठी आमच्या गल्लीत एरवी ऐकू येत नाही. गाडी वळणाआड गेली की कुणीतरी ओरडतं, "चला हो नागरिक!" आणि अख्खं गाव दोर, बांबू, नट खोलायचे पाने घेऊन नदीकडे पळतं. दुसरीकडे पूर येणार म्हटलं की लोक वर पळतात, आम्ही खाली. मोटार वाहून गेली तर पाऊस उघडल्यावर उभं पीक डोळ्यांदेखत वाळतं. तेव्हा भोंगेवाला काही पपईला पाणी पाजायला येत नाही.

आमची मोटार दरवेळी माझे हे आणि धाकटा दीर मिळून काढायचे. पण ज्या वर्षीचं सांगतेय, त्या वर्षी उन्हाळ्यात ह्यांच्या छातीत कळ आली. नवापूरवरून सुरतेला नेलं, तिथे दोन स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही. मी ते अक्षरशः धरलं. पाण्याचा हंडा ह्यांच्या आसपास दिसला तरी मी खेकसायची.

मग पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा दुपार होती. जाऊबाई दोन्ही गायी घेऊन टेकावरच्या शाळेकडे निघाल्या. इकडे हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले.

"मी नुसता काठवर उभा ऱ्हासू," म्हणाले.

"तुम्ही आनि नुसता उभा? पंचवीस वरीसमा कधी ऱ्हायनात का?"

"मंग मोटार कोन काढी?"

"मी."

हे हसले. झालं! तेवढं हसू पुरलं मला. शाळेत पाठवलं असतं तर हा माणूस पाच मिनिटांत नदीवर हजर झाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बाहेर आले, पुढच्या दाराला कडी घातली, वळसा घालून मागच्या दारालाही घातली. आतून हे हाका मारत होते. "बठा आते गपचूप!" असं ओरडून मी निघाले. घराची मला काहीच काळजी नव्हती. आमचं घर गावाच्या मागच्या अंगाला, नाल्याकडे, नदीपासून सगळ्यात लांब. नदीचं पाणी तिथवर कधी आलेलंच नव्हतं.

उताराच्या तोंडाशी एक पोलीस काठी आडवी धरून उभा होता.

"बाई, खाली जायचं नाही."

"मग तुम्ही काढता का आमची मोटार? चला, दाखवते कुठे आहे ती."

"अहो, जीव महत्त्वाचा की मोटार?"

"जिवासाठीच चाललेय," म्हटलं, आणि काठीखालून वाकून गेले. तो बिचारा बघतच राहिला. परक्या गावात बाईमाणसाला हात कसा लावणार!

खाली पाणी ओट्याला लागलं होतं. दीर गंजलेल्या नटांशी झटत होता. मला बघून त्याचा चेहराच पडला, पण वाद घालायला वेळ कुणाला होता? शेजारच्या शेतातले दोघे मदतीला आले. नट सुटले, दोर आवळला, दोरातून दोन बांबू घातले आणि चौघांनी मोटार उचलली. पुढचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. खोटं कशाला सांगू, मला मस्त वाटलं! चिखलात पाय रुतत होते, खांदा सोलून निघत होता, आणि मी मागच्यांना ओरडत होते, "हाला ना लवकर, सासरी चालनात का?" ते हसत होते. काठावरून गावातल्या बाया बघत होत्या. बघा म्हटलं, नीट बघा.

अर्धा उतार चढलो असू, तेवढ्यात टेकावरून धावत आलेल्या जाऊबाईंचा वरून आवाज आला. गळा फाटेपर्यंत ओरडत होत्या.

"मांगथून पाणी उनं! नालावरनी गल्लीमा पाणी उनं!"

नदी फुगली की समोरून, पायरी पायरीने चढते, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. म्हणून सगळ्यांचे डोळे नदीकडे, आणि पाणी आलं मागून. पण खालच्या अंगाला नदी अडवणारं बॅरेज झाल्यापासून नदीचा तुंब नाल्याच्या तोंडाशी येतो. वरून नाला भरून वाहत असेल तर त्याच्या पाण्याला पुढे वाट उरत नाही, ते मागे फिरतं आणि गावात शिरतं. हे आज सांगतेय. त्या क्षणी मला एवढंच कळलं की नाल्यावरची गल्ली म्हणजे आमची गल्ली, आणि दोन्ही दारांच्या कड्या मी बाहेरून घातल्यात.

मी बांबू टाकला. मोटार कलली, दीर शिव्या देत ओरडला, मी ऐकायला थांबले नाही. चप्पल चिखलात राहिली. गल्लीत एक माणूस नव्हता. निम्मे शाळेत, निम्मे नदीवर. ह्यांनी कितीही हाका मारल्या असत्या तरी ऐकायला होतं कोण? पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. दार गाठलं, पण आतल्या पाण्याच्या जोराने कडी हलेना. मी रडत होते, देवाला शिव्या देत होते, स्वतःला देत होते. शेवटी दाराला खांदा लावून रेटलं तेव्हा कुठे ती सरकली.

हे खाटेवर उभे होते, औषधांची पिशवी डोक्यावर धरून. ओरडून ओरडून घसा बसला होता. माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मोटार निंघनी का वं?"

मी ह्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि मग तोच दंड धरून ह्यांना बाहेर काढलं.

मोटार निघाली होती. दिराने आणि त्या दोघांनी ओढून वर आणली. आता कुणी म्हणेल, बघा, इशारा ऐकला असता तर ही वेळ आली नसती. नाही मान्य करत मी. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी ती मोटार पुन्हा ओट्यावर बसली आणि पपई जगली. त्यानंतरही भोंगा वाजला की मी खालीच गेलेय, पुढेही जाणार. मोटारीसाठी गेले ह्यात माझं काही चुकलं नाही. माणूस कोंडून गेले, ते चुकलं.

त्या संध्याकाळी शाळेत तलाठी वही घेऊन सगळ्यांची नावं लिहीत होते. आमच्यापाशी आले आणि ह्यांना म्हणाले, "काका, भोंगा ऐकला होता ना? मग घरात अडकलात कसे?"

आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. दुपारपासून पोलिसाला, दिराला, अख्ख्या गावाला उत्तरं देणारी मी, पदरावरचा चिखल खरवडत बसले.

हे शांतपणे म्हणाले, "दार फुगी गयं व्हतं, साहेब. पावसानं लाकूड फुगस ना. ही उनी म्हनून निंघनू."

तलाठ्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. पलीकडे बसलेल्या दिराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. आमच्या घराची दोन्ही दारं लोखंडी आहेत.