आत्याचं मीठ

साहेबांचं नुसतं नाव काढलं तरी मला शिसारी येते. या माणसाच्या हाताखाली माझ्या आत्याचं आयुष्य गेलं. ती साहेबांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, आणि मी तिचा भाचा, तिथंच पंप सांभाळणारा.

आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एकेक जड जोडीदार असावा, असं एक देखणं गणित सांगतं. त्याला सुपरसिमेट्री म्हणतात. या जोडीदारांतला सगळ्यात हलका म्हणजेच विश्वातलं न दिसणारं द्रव्य, अशी आत्याला आशा. कण एकमेकांवर आपटणाऱ्या अवाढव्य यंत्रांत तो सापडला नाही. साहेबांचं दर वेळी एकच पालुपद, "अजून जड असेल, मोठं यंत्र द्या." आम्ही जमिनीखाली द्रवरूप झेनॉनच्या टाकीपाशी वाट बघत होतो. तो कण कधीतरी अणूला धडकेल आणि चमक दिसेल, एवढ्यासाठी.

तिथली एक रीत होती. आकडेमोड करणाऱ्यांनी स्वतःचीच फसवणूक करू नये म्हणून नोंदींत खोट्या चमका गुपचूप मिसळायच्या. त्याला मीठ म्हणत. खोट्या कुठल्या, हे फक्त आत्याला ठाऊक. सगळं तपासून झालं की तिनं ते सांगायचं, मगच बाहेर तोंड उघडायचं.

यंदा तीन चमका दिसल्या आणि साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. आत्याला न विचारताच त्यांनी वार्ताहर बोलावले, केक मागवला. सभेआधी तिला पंपांच्या खोलीत गाठलं. मी तिथंच तेल बदलत होतो.

"तिन्ही माझ्या आहेत," आत्या म्हणाली.

"मोठी टाकी मंजूर होईपर्यंत गप्प बसा, बाई. नाहीतर हीसुद्धा बंद पडेल. मग तुमचा कण शोधणार कुठं?"

आत्या सभागृहाकडे वळली. जन्मभर तिला तो कणच तर हवा होता. ती मूग गिळून बसणार असं वाटलं आणि मला तिचीही किळस आली.

सभागृहात मात्र ती उठली. "त्या तिन्ही चमका मी घातलेल्या आहेत."

"मग हाती काय लागलं?" एका वार्ताहरानं विचारलं.

"काहीच नाही. तेच छापा."

साहेबांनी तिथल्या तिथं रंग बदलला. हसत म्हणाले, "बघा, आमची तपासणी किती कडक असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. केकही खाल्ला मेल्यांनी.

टाकी बंद पडली नाही. कडक तपासणीच्या नावावर मोठीही मंजूर झाली. तिच्यात मीठ घालायचं काम मात्र साहेबांनी स्वतःकडे घेतलं.