एका मिक्सरची दोन खाती

कर्जतच्या बाजारपेठेत भांड्यांचं, मिक्सर-शेगड्यांचं एक जुनं दुकान आहे. आमच्या घरातला कुकर तिथला, पाण्याचा पिंप तिथला. दुकान चालवणाऱ्या बाईंना मी लहानपणापासून काकू म्हणते. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने ते पुढे नेलं. मी नवी मुंबईतली नोकरी सोडून घरूनच संगणकाची कामं घ्यायला लागले, तेव्हा एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं.

"लोक आता मोबाइलवर बघून मागवतात. मलाही तसं दुकान काढून दे. पण जुनं काही जाता कामा नये हं, एवढी वर्षं जपलंय."

जुनं म्हणजे काउंटरमागचा संगणक. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, कधीकाळी कुणीतरी करून दिलेला बिलांचा प्रोग्राम. बिलावर बसणारे काका सोडले तर त्याला कुणी हात लावत नसे. गॅरंटीची वस्तू विकली किंवा दुरुस्तीला आली की काका त्यात गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन आणि मशीनवरचा नंबर भरायचे. शेवटी शेऱ्यासाठी छोटीशी जागा होती. त्या प्रोग्रामला मराठी येत नव्हतं, म्हणून काका इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे.

ही सगळी माहिती नव्या ऑनलाइन दुकानात न्यायची, हे माझं काम. आठवडाभर मी नुसती वाचत बसले. एकच माणूस तीन-तीनदा यायचा, दर वेळी नावाचं स्पेलिंग वेगळं. कुणाचा पत्ता जुना, कुणाचा फोनच नाही. हाताने नीट करायचं तर वर्ष गेलं असतं. मग मी एक नियम ठरवला. दोन नोंदींत मशीन नंबर एकच असेल, तर गिऱ्हाईक एकच. नाव जुन्या नोंदीतलं ठेवायचं, पत्ता नव्या नोंदीतला घ्यायचा आणि फोनची जागा रिकामी असेल तर जुन्या नोंदीतला नंबर तिथे भरायचा. या नियमाचं मला फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

शेऱ्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी 'फो ना' होतं. मी काकांना विचारलं, "काका, हे 'फो ना' म्हणजे फोन नाही, असंच ना?"

"हो, फोन नाही," काका वर न बघताच म्हणाले.

मी पुढे गेले. खात्री करायला जुळलेल्या नोंदी वरवर चाळल्या, तेव्हा एक जोडी डोळ्यांपुढून गेली होती. एक मिक्सर आणि दोन खाती. जुनं खातं कशेळ्याच्या पुढच्या एका गावातल्या पुरुषाच्या नावावर, नवं साजगावातल्या एका बाईच्या नावावर. आडनावं वेगळी. मी मनाशी म्हटलं, नवरा-बायको असणार, हिने माहेरचं नाव लावलेलं दिसतंय. गावातली कितीतरी जोडपी साजगावच्या कारखान्यांत कामाला जातात, तिथेच खोली घेतात. नियमाने दोघांना एक केलं होतं. मी तसंच राहू दिलं.

दुकान सुरू झालं त्या संध्याकाळी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना एक संदेश गेला. तुमचं खातं तयार आहे, घरपोच वस्तूंसाठी तुमचा पत्ता अमुक, चुकला असेल तर कळवा. ही कल्पनाही माझीच. पत्ता लांबत असेल तर संदेशात फक्त गावाचं नाव जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरवर एकटी होते. काकू गोदामात गेल्या होत्या, काका गुडघ्याच्या दुखण्याने घरी होते. दुकानासमोर एक जीप थांबली आणि पस्तिशीचा एक माणूस चप्पल बाहेर काढून आत आला. दुकानात चप्पल काढणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"म्याडम, ह्यो मेसेज आलाय. नाव माजंच हाय. पन गाव साजगाव लिवलंय."

"पत्ता चुकलाय का?" मी विचारलं.

"चुकला आसंल आसं नाय. पुरा दिसत नाय, म्हनून इचारतो."

मी त्याचा नंबर टाकला, खातं उघडलं. "तुमचा मिक्सर दुरुस्तीला आला होता ना, तेव्हा नवा पत्ता दिलाय. टेंपोने घरपोच पाठवला होता."

"हां, मिक्सर." तो जरा थांबला. "घरच्यांनी दिला आसंल. कवाची गोष्ट?"

मी महिना सांगितला. मग त्याला दिसावं म्हणून पडदा त्याच्याकडे वळवला आणि वर खूणही वाचून दाखवली. कारखान्याच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीमागची चाळ, डावीकडून तिसरी खोली. "बरोबर आहे ना? मग तसाच ठेवते."

"ठेवा ना, तसाच ठेवा," तो म्हणाला. त्याने पडद्यावरचं एकदा ओठांतल्या ओठांत वाचलं. मग हसून हात जोडले. "लई चांगलं काम केलंत तुमी."

मीही हसले. जीप गेली. त्याच्या आवाजात, चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तरी मला बसवेना. मी ते खातं पुन्हा उघडलं. बायकोचा पत्ता नवऱ्याला दुकानात येऊन का विचारावा लागतो, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं.

काकू आल्यावर मी सांगितलं. त्यांच्या हातात गोदामाची किल्ली होती, ती तशीच हातात राहिली.

"कोणता मिक्सर?"

मी गाव सांगितलं.

"अगं, काय केलंस तू हे!"

त्या खाली बसल्या आणि तुटक तुटक सांगू लागल्या. गेल्या वर्षी ती दुपारची आली होती. टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर घेऊन. आईवडिलांनी लग्नात जावयाच्या नावावर घेऊन दिलेला, तेवढाच घेऊन ती घरातून निघाली होती. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. दुरुस्तीचा भाग यायला वेळ लागणार होता, म्हणून पत्ता देणं भाग पडलं. "मी काकांना बजावलं होतं, हिचं खातं वेगळं करा आणि जुन्या नंबरवर फोन नाही करायचा. त्यांनी लिहूनही ठेवलं होतं."

मी शेरा काढला. 'फो ना'.

तिच्याकडे मोबाइल होता की नाही, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. टेंपो माल द्यायला गेला होता. मी स्कूटर काढली आणि काकू मागे बसल्या. पळसदरीच्या रस्त्याने जाताना पुढे कुठे जीप दिसते का, एवढंच मी बघत होते. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. दिसली नाही.

जीप साजगावला गिरणीजवळ उभी होती. आत कुणी नव्हतं.

काकूंनी मला गिरणीच्या आडोशाला थांबवलं, कारण माझा चेहरा त्याने पाहिलेला होता. त्या एकट्याच चाळीत गेल्या आणि पाचच मिनिटांत परत आल्या.

"तिसऱ्या खोलीच्या पायरीवर बसलाय. घरमालकीण चहा देतेय त्याला. नवरा आलाय म्हणून तिलाच आनंद झालाय."

"आणि ती?"

"कामावर आहे. चारला सुटते. कुठल्या कारखान्यात ते घरमालकिणीने सांगितलं मला." काकू थांबल्या. "म्हणजे त्यालाही सांगितलं असेल."

कारखान्याच्या फाटकाला दोन दारं होती, एक कामगारांचं, एक गाड्यांचं. काकूंनी पहारेकऱ्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्याने आत निरोप धाडला आणि चार वाजायच्या आधीच ती गाड्यांच्या दाराने बाहेर आली. बारीक, केसांना जाळी लावलेली, माझ्याहून लहान. काकूंना बघूनच ती समजली.

"आला काय?"

"खोलीवर बसलाय. तू तिकडे जायचं नाहीस."

ती रडली नाही. जाळी काढून तिने मुठीत धरली. मग विचारलं, "पत्ता कुनी दिला?"

काकू काही बोलणार, त्याआधी मी म्हणाले, "मी दिला. चुकून दिला. मला माहीत नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमास्नी कसं ठावं आसनार," ती म्हणाली, आणि मग काकूंना, "काकू, माजी वही हाय खोलीत. बचत गटाची. दुसऱ्या बायांची बी नावं हायत तिच्यात."

म्हणजे आणखी नावं, आणखी पत्ते.

काकूंनी ओळखीची रिक्षा बोलावली, तिला घेऊन परस्पर आपल्या घरी गेल्या. तिथून त्यांनी तिला पोलीस ठाण्यात नेलं. तक्रारीची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी एका महिला पोलिसाबरोबर आम्ही खोलीवर गेलो. घरमालकीण म्हणाली, तो अंधार पडेपर्यंत बसला, मग तिच्याकडची दुसरी किल्ली मागून आत गेला. काही मोडतोड नाही. खोली झाडलेली होती. खरकटी भांडी घासून पालथी घातली होती, दोरीवरच्या साड्यांच्या घड्या करून ठेवल्या होत्या. मिक्सर ओट्यावर जागच्या जागी. वही मात्र नव्हती.

"परत येतो म्हणालाय," घरमालकीण म्हणाली. "किती शांत माणूस हो."

त्या घड्या बघून ती दाराच्या चौकटीला टेकली. तिने एकही साडी घेतली नाही. कागदपत्रांची पिशवी तांदळाच्या डब्यात लपवलेली होती, तेवढी काढली आणि बाहेर आली.

चार दिवसांनी ती मामेबहिणीकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेली. कोणत्या, ते मी विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. बचत गटातल्या बायकांना काकूंनी जाऊन सावध केलं. दोघींच्या घरी तो तोवर जाऊन आला होता. विचारपूस करून, पाणी पिऊन गेला होता.

मी ऑनलाइन दुकान आठ दिवस बंद ठेवलं. काकांच्या घरी जाऊन, त्यांच्या खाटेशी बसून एकेक नोंद वाचली. 'फो ना' म्हणजे बहुतेक ठिकाणी खरंच फोन नव्हता. तीन ठिकाणी काकांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "हे काढून टाक, पोरी. सगळंच काढ." मी का म्हणून विचारलं नाही. दुकान आता बरं चालतं. काकू मला त्याबद्दल एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण गिऱ्हाईक पत्ता सांगायला लागलं की त्या माझ्याकडे बघतात.

या उन्हाळ्यात एका दुकानदाराच्या कामासाठी कशेळ्याला गेले होते. परतताना कर्जतची जीप भरत होती, मी मागच्या बाकावर शिरले. दोन बायका, एक म्हातारा, भाजीची पाटी. चालक बाहेर उभा राहून सीट मोजत होता. मोजता मोजता तो माझ्यापाशी थांबला.

"म्याडम! वळखलं का?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाही कळलं नाही.

"पुढं बसा की. मागं धक्के बसतात." त्याने पुढचं दार उघडून धरलं, फडक्याने सीट पुसली. मग आवाज खाली आणून, अगदी सहज विचारलं, "नवा पत्ता आला का काय मशिनीत?"

"नाही," मी म्हणाले. "त्यात आता काहीच नाही."

"आसू द्या. यील कदी तरी. तुमी घरूनच काम करता ना? बरं हाय."

हे त्याला कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. काहीतरी विसरलंय असं पुटपुटत मी उतरले. तो दार धरून उभाच होता, हसत. मी रस्ता ओलांडून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. जीप भरलेली असूनही बराच वेळ हलली नाही. म्हातारा ओरडायला लागला, तेव्हा कुठे ती निघाली. एस.टी. तासाभराने आली.