एकच शेजारीण

समजा, तुमच्या हातात पिपेट आहे. डिशच्या तळाला मूलपेशींचे पुंजके चिकटलेत आणि ते सोडवून नव्या डिशमध्ये पसरायचेत. द्रव दोनतीनदा अलगद ओढायचा, सोडायचा, बास. जास्त घुसळलंत तर पुंजके फुटतात, पेशी सुट्या होतात. आणि मानवी भ्रूणातून आलेली ही पेशी सुटी पडली की बहुधा मरते.

प्रयोगशाळेतल्या ताईंचा हात त्या शनिवारी जरा जास्तच चालला. सकाळचा धाकट्या बहिणीचा फोन डोक्यातून जात नव्हता. या शहरात ताईंचं तेवढंच एक माणूस, आणि ती बहीण घर आवरून परगावी लेकाकडे कायमची राहायला निघाली होती.

"उद्या तरी ये गं. सामान बांधायचंय."

"उद्या पेशींना खायला घालायचंय."

"रविवारी? त्यांना काय आईबाप नाहीत?"

"नाहीत ना. म्हणून तर."

बहीण हसली.

एकट्या पेशीला तगवणारं औषध नेमकं संपलं होतं. त्यात या वाणाच्या, म्हणजे एकाच भ्रूणातून वाढवलेल्या पेशींची, गोठवून ठेवलेली ही शेवटची कुपी होती. रविवारी ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले, तर डिशभर मेलेल्या पेशी तरंगत होत्या. कडेला एक पुंजका तेवढा जीव धरून होता.

"हा गेला की वाण संपलं," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. ते रागावले नाहीत, हेच ताईंना जास्त लागलं.

त्यानंतर रोज जुना द्रव काढायचा, ताजा घालायचा. पेशी दुभंगायची, दोन्ही लेकी हुबेहूब आईसारख्या, काहीही होऊ शकणाऱ्या आणि अजून काहीच न झालेल्या. कडेच्या काही मात्र चपट्या होऊन पांगू लागल्या. त्वचा म्हणा, चेतापेशी म्हणा, त्यांनी काहीतरी व्हायला घेतलं होतं. त्या आपणहून मागे फिरणार नव्हत्या. ताईंनी पिपेटच्या टोकाने त्यांना हळूच खरवडून काढलं.

पुंजका वाढला. त्याचे तुकडे नव्या डिशमध्ये रुजले, काही कुप्या गोठवून ठेवता आल्या. या धांदलीत बहीण गेली. तिला निरोप द्यायला जाणं राहूनच गेलं.

"सर, किती जणी एकत्र असल्या म्हणजे तगतात?"

"मोठे पुंजके ठेवायचे. नेमका आकडा कशाला हवाय तुम्हाला?"

"मोठे ठेवीनच हो," ताई डिशवरून नजर न हलवता म्हणाल्या. "पण एकच शेजारीण असली, तर नाही का पुरत?"