फॉर्ममधला 'असिस्टेड'

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी डांगे चौकात रिक्षाची वाट बघत उभा होतो. त्याची मुलगी अश्विनी बोलत होती. "काका, बाबा गेले…" मी नुसतं "बरं" म्हणालो. पाच आठवडे झाले, त्या 'बरं'ची अजून लाज वाटते. पण हल्ली सगळ्याचाच थकवा येतो, दुःखाचासुद्धा.

चाकणच्या कंपनीत आम्ही एकोणीस वर्षं बरोबर काढली. तो लातूरकडचा, वेल्डिंग लाइनवर. मी स्टोअर्समध्ये कारकून. माझं इंग्रजी चांगलं आहे असा एक गैरसमज कंपनीभर होता आणि मी तो जपला होता. दरवर्षी आपापल्या कामाचा फॉर्म इंग्रजीत भरावा लागे, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापुढे रांग लागायची. फॉर्म ज्याच्या त्याच्या लाइनच्या साहेबांच्याच हातून पुढे जाणार, म्हणून वाक्यात त्यांचं नाव आधी घालायची आमची रीत.

सहा वर्षांपूर्वी दत्तानं वेल्डिंग करताना पार्ट घट्ट धरून ठेवणारं नवं फिक्श्चर स्वतःच्या डोक्यानं बनवलं होतं. साहेब नुसते शेजारी उभे होते. सुपरवायझरची जागा रिकामी होती आणि दत्ताला ती मनापासून हवी होती. साहेबांचं नाव घालून झाल्यावर मी विचारलं, "पुढं तुझ्या नावाला हेल्प लिहू का सपोर्ट?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुमाला बरं वाटंल ते लिव्हा, भाऊ."

मी ऐटीत 'असिस्टेड' लिहिलं. भारदस्त दिसत होतं. जागा दुसऱ्याला गेली. मॅनेजर मला सहज म्हणाले, "अहो, त्यानं स्वतःच लिहिलंय, काम साहेबांचं, हा हाताखाली होता." दत्ता म्हणाला, "जाऊ द्या, नशिबात नसंल." मी मान हलवली. चूक माझी होती, हे त्याला सांगायला मला सहा वर्षं पुरली नाहीत… तो मात्र कागद घेऊन येतच राहिला.

परवा थेरगावला त्याच्या घरी गेलो. अश्विनीनं त्याची खिशातली डायरी पुढे केली. एका पानावर त्याच्या गिचमिड अक्षरात हेल्प, सपोर्ट, असिस्ट आणि समोर मराठीत अर्थ. 'असिस्ट'पुढे लिहिलं होतं, दुसऱ्याच्या कामात हाताखाली मदत.

"सुपरवायझरच्या जागेचा निकाल लागला त्याच संध्याकाळी मला विचारून लिहिलं," ती म्हणाली. "मग म्हणाले, भाऊंना यातलं काही बोलायचं नाही."

मी डायरी मिटून तिच्यापुढे सरकवली.

"त्याच्या पुढच्याच महिन्यात माझा कॉलेजचा अर्ज होता, काका. मी भरला असता. पण बाबा म्हणाले, भाऊंकडूनच लिहून घ्यायचा."