माझ्याच लाँचमध्ये मी प्रवासी

लोक माझ्यासमोर त्या कप्तानाचं कौतुक करायला लागले की मी चहा मागवतो. चहा येईपर्यंत विषय बदलतो. माझी बाजू मात्र आजवर कुणी विचारली नाही, म्हणून ती इथे मांडतो.

मी सात रस्त्याच्या चौकात पोतं अंथरून मोटारपंपाचे जुने पार्ट विकायचो. आज तिथेच माझं दुकान आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांत ऊस-केळीवाल्यांचे पंप दुरुस्त करायला मी कायम जायचो. या काठावरून पलीकडचं गाव दिसतं, अंगणात वाळत घातलेली लुगडीसुद्धा दिसतात; पण रस्त्यानं जायचं म्हटलं की पाण्याला लांबलचक वळसा. होड्या होत्या, खिळखिळ्या. त्यात बसून जीव मुठीत धरून जाताना मला धंदा दिसला. मी लाँच घेतली. माणसं आणि त्यांच्या मोटारसायकली पलीकडे न्यायची.

लाँच चालवायला माणूस शोधला तो मोठ्या जहाजांवर उमर काढलेला. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला. ज्या गावात विहिरीला पाणी नाही, त्या गावचा माणूस समुद्रावर जाऊन सुकाणू धरायला शिकला आणि शेवटी सारंगाचं, म्हणजे बोट चालवायचं, सर्टिफिकेट घेऊन परत आला. लोक त्याला कप्तान म्हणायचे. पगाराचं बोलणं झालं तेव्हा मी पाडून आकडा सांगितला, आणि तो लगेच हो म्हणाला. मला तिथेच शंका यायला हवी होती. जो माणूस पगारावर घासाघीस करत नाही, त्याला दुसरंच काहीतरी हवं असतं.

"काठावर तुमी मालक," तो म्हणाला. "दोर सुटला की मी."

"बरं बरं," मी म्हणालो. असल्या अटी मी रोज ऐकतो.

पहिल्या आठवड्यातच भांडण सुरू झालं. आमच्याकडची गडीमाणसं लाँचमध्ये बसत नाहीत. आपापल्या मोटारसायकलीचं हँडल धरून उभी राहतात. गाडीला ओरखडा पडू नये, स्टँडवरून घसरू नये, म्हणून. कप्तानाचं म्हणणं, गाड्या मधोमध आडव्या करून बांधायच्या आणि माणसांनी तळाशी बसायचं. पण आडवी केली की पेट्रोल गळतं, आरसा फुटतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. मी गाड्या उभ्याच ठेवायला सांगितल्या. लाइफ जॅकेटं मी घेऊन दिली होती, चांगली नारंगी. बायका ती फळीवर टाकून त्यांच्यावर बसायच्या. काठापदराच्या साडीवर ते कोण घालणार? कप्तान एकेकीच्या खालून जॅकेट ओढून तिच्या हातात द्यायचा आणि बायका त्याला शिव्या द्यायच्या. उत्तर मला द्यावं लागायचं.

मग तो वैशाखातला दिवस आला. पलीकडे साखरपुडा होता. मुलाचा मामा माझं जुनं गिऱ्हाईक, त्याला मी शब्द दिला होता की मुहूर्ताआधी सगळ्यांना उतरवतो. मी स्वतः निघालो होतो, माझी नवी कोरी बुलेट घेऊन. मंडळी चढली, गाड्या चढल्या. कप्तान मात्र दोराजवळ उभा राहून पश्चिमेकडे बघत होता. तिकडे आभाळ मातकट झालं होतं.

"जरा थांबू, मालक. वारं येतंय."

"कुठं आहे वारं? पान हलत नाही."

"म्हनूनच."

मामा घड्याळ दाखवायला लागला. "काय वो शेठ, शब्द दिलता न्हवं? का ह्यो मानूस तुमचा बी शेठ हाय?"

मंडळी हसली. माझं डोकं फिरलं. "बोट कुणाची आहे?" मी कप्तानावर ओरडलो. "सोड दोर!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मंडळींकडे बघितलं. वाकला आणि दोर सोडला.

अर्ध्या पाण्यात पोचलो आणि वारं आलं. सोबत धूळ आली, एवढी की दोन्ही काठ दिसेनात. लाटा लाँचच्या कुशीवर आपटायला लागल्या. प्रत्येक गडी आपल्या गाडीला बिलगला. गाडी कलली की तोही तिच्यासोबत कलायचा, आणि सगळे मिळून एकाच बाजूला. त्या बाजूची कड पाण्याला टेकली आणि घोट्यापर्यंत पाणी आत आलं. आता बायका जॅकेटं ओढत होत्या, पण ज्याच्यावर आपण बसलोय ते निघेना. नवऱ्या मुलाची आजी देवाचं नाव घ्यायचं सोडून सुनेला म्हणत होती, "ऊठ गं माझ्यावरनं!"

कप्तानानं लाँच वळवली. गावाकडे नाही, उलट वाऱ्याच्या तोंडाशी, भर पाण्याकडे.

"काठाकडं घे!" मी ओरडलो. "वेडा झालास का? काठाकडं!"

"मालक, खाली बसा."

"माझी बोट आहे!"

"खाली बसा म्हन्लं न्हवं!" आवाज असा होता की माझे गुडघे आपोआप वाकले. त्या पाण्यात, मामाच्या पायांशी, इस्त्रीच्या पँटीनं मी बसलो. "समदे बसा! हँडल सोडा! गाड्या आडव्या टाका!"

कुणी सोडेना. बुडेन पण गाडी सोडणार नाही, अशी ती माणसं. तेव्हा त्यानं सुकाणू एका हातात ठेवलं, कडेला सगळ्यात जवळ उभी होती ती माझी बुलेट, तिला पाय लावला आणि ढकलली पाण्यात. एक बुडबुडा आला, बस. ते बघून बाकीच्यांनी पटापट गाड्या आडव्या केल्या आणि त्यांच्यावर पालथे पडले. लाँच सरळ झाली. वाऱ्याकडे तोंड करून ती लाटांवर वरखाली होत राहिली आणि आम्ही तळाशी पाण्यात, पेट्रोलच्या वासात, एकमेकांच्या अंगावर पडून राहिलो. कप्तान तेवढा उभा होता.

वारं आलं तसं गेलं. आम्ही पलीकडे उतरलो. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मुहूर्त टळला होता, पण भटजींनी दुसरा काढला. जेवणावळीत लोक हसतसुद्धा होते. गाडी गेली ती माझी गेली, मी कुणाला काही बोललो नाही. माझ्या हिशोबी विषय तिथेच संपला होता.

दुसऱ्या दिवशी कप्तान दुकानात आला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. "परवानगीच्या ऑफिसात चाललोय. काल काय झालं ते सांगतो. मालकाला आधी सांगायचं असतं, म्हनून हितं आलो."

"काय झालं? काही झालं नाही!"

"व्हय. म्हनून आजच सांगायचं."

मी रिक्षात त्याच्या शेजारी बसलो आणि ऑफिस येईपर्यंत बोललो. पगार वाढवतो म्हणालो. गाड्या आडव्या बांधू म्हणालो. जॅकेटाशिवाय कुणाला चढू देणार नाही म्हणालो. सगळं त्याच्याच मनासारखं देत होतो. शेवटी दमही दिला. तो म्हणाला, "हे समदं बरंच हाय की. तरी सांगायचं ते सांगायचं." परवानगी गेली की लाँच बंद, आणि लाँच बंद म्हणजे त्या काठांवर माझं नाव बंद. एवढं साधं होतं ते.

साहेबांनाही कळेना. "कुणी मेलं?"

"न्हाय."

"कुणी तक्रार केली?"

"न्हाय."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"जहाजावर आसं झालं की सांगावं लागतं, सायेब. मानूस मेल्यावर काय, समदेच सांगत्यात."

त्यानं सगळं सांगितलं. "वारं येतंय हे मला कळलं व्हतं, गाड्या हुब्या व्हत्या, तरी दोर मी सोडला. चूक माझी. माझं सर्टिफिकेट ठेवून घ्या."

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी जबरदस्ती केली?"

"मालक पाशिंजर व्हते," कप्तान शांतपणे म्हणाला. "पाशिंजर काय, घाईच करनार. त्याचं ऐकून दोर सोडला तर चूक सोडनाऱ्याची."

मी काहीही बोलायची गरज नव्हती. तो स्वतःहून मान पुढे करत होता. माझी लाँच वाचत होती, दुसरा माणूस ठेवून ती उद्यापासून सुटली असती. पण पाशिंजर? जिच्यासाठी मी उन्हातान्हात पंपांचे नट पिळले, त्या लाँचमध्ये मी पाशिंजर?

"पाशिंजर कोण रे?" मी टेबलावर हात आपटला. "बोट माझी! मी म्हणालो सोड, म्हणून त्यानं सोडली! तो थांबा म्हणत होता, मी थांबू दिलं नाही! त्याची काय टाप आहे माझ्या शब्दाबाहेर दोर सोडायची?"

साहेबांनी पेन उघडलं. "म्हणजे तो थांबा म्हणत होता?"

"म्हणत होता की!"

तेव्हा कुठे मी काय बोललो ते माझ्या कानावर आलं. कप्तान खाली आपल्या चपलांकडे बघत होता.

त्याचं सर्टिफिकेट त्याच्याकडे राहिलं. लाँच उरलेला सगळा उन्हाळा काठाला बांधून राहिली. लाँच कधी सोडायची याचा हुकूम मालकानं द्यायचा नाही, या अटीवर परवानगी परत मिळाली. दुसरा माणूस ठेवून बघितला, तर काठावरची माणसं विचारायची, "कप्तान हाय का?" आणि नाही म्हटलं की खाली बसून राहायची. शेवटी मीच त्याला आणायला गेलो.

माझा राग आहे तो यासाठी. मी धंद्यात समोरच्याला चिडवून त्याच्या तोंडून खरा भाव काढत आलो. त्यानं त्या ऑफिसात माझ्यावर तोच डाव टाकला, असं मला आजही वाटतं. त्या दिवशी जिन्यावर मी त्याला विचारलं होतं, "मुद्दाम म्हणालास ना पाशिंजर?"

"व्हताच की, मालक," तो म्हणाला. "तिकीट तेवढं काढलं न्हवतं."

मागच्या आठवड्यात मी काठावर होतो. लाँच भरलेली, गाड्या आडव्या बांधलेल्या, जॅकेटं अंगात. पाणी अगदी शांत, आणि कप्तान पश्चिमेकडे बघत उभा. लोक वैतागले. एक गडी माझ्याकडे आला. "शेठ, सोडायला सांगा की."

"त्याला विचार."

"बोट तुमची न्हवं? मग तुमी हितं कशाला उभं हाय?"

त्याला मी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. पण कप्तान हो म्हणेपर्यंत लाँच सुटली नाही.