सासऱ्यांची हलगी

लग्न होऊन मी भूमजवळच्या वस्तीत आले तेव्हा घराच्या दाराआड एक गोल वस्तू भिंतीकडे तोंड करून टांगलेली दिसली. मला वाटलं, चाळण आहे. ज्वारी चाळायची होती म्हणून मी ती काढायला गेले, तर सासूबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "तिला हात लावू नगंस. हलगी हाय ती." पुढं काही सांगितलं नाही. नव्या सुनेनं फार विचारायचं नसतं असं आईनं मला बजावून पाठवलं होतं. आईचं मी सहसा ऐकत नसे, त्या दिवशी ऐकलं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आमची वस्ती गावकुसाबाहेरची. हलगी वाजवणं हे सासऱ्यांच्या घराण्याकडं चालत आलेलं गावकीचं काम. लग्न असो, मयत असो, देवीची पालखी असो, गावानं हाक मारली की जेवतं ताट सारून जायचं. मी यायच्या आधीच मिशनचे लोक आले आणि वस्तीतल्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला. आमचं घर त्यात पहिलं. त्याच दिवशी मामंजींनी हलगी भिंतीला लावली. नंतर पाटलांचा माणूस बोलवायला आला तेव्हा ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "आता म्या न्हाय येणार." हे वाक्य आमच्या वस्तीत इतक्यांदा सांगितलं जाई की शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही ते पाठ होतं.

सगळ्यांना वाटे, हलगी तेव्हापासून नुसती टांगलेली आहे. पण मामंजी ती शेकत. दमट हवा सुटली की परसात कडब्याची चार ताटं पेटवायची, हलगी त्या जाळावर धरून फिरवत राहायची, मधूनच तळहात कातड्यावरून फिरवायचा, आणि शेवटी एकाच बोटानं हळूच एक टिचकी मारून कान लावायचा. तेवढंच. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून टांगायची.

मी एकदा विचारलंच. "वाजवायची नाही तर शेकता कशाला, मामंजी?"

"कातडं मरतंय न्हाय शेकल्यावर," ते म्हणाले. मग जाळाकडं बघतच बोलले, "पोरी, जनमभर दुसऱ्यानं बोलावल्यावर वाजवली. एकदा आपल्या मनानं वाजवायची हाय."

"मग वाजवा की घरात."

"घरात वाजवली तर गाव ऐकल. म्हणल, म्हातारा परत धंद्यावर आला. देवळात वाजवली तर देवाची व्हईल. मग कुणाचं काय चालतंय."

आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणत. मी हे रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. हे मिशनच्या शाळेत मास्तर, मंडळीतल्या वडिलांपैकी एक. 'वडील' म्हणजे मंडळीनं, देवळात जमणाऱ्या लोकांनी, निवडलेली जाणती माणसं. आमच्या मंडळीचा कारभार हेच लोक बघत. हे म्हणाले, "बाबा भोळे आहेत," आणि कंदील बारीक केला. माणूस भोळा ठरवला की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही, ही सोय मी पुढंही खूप घरांत पाहिली.

मीही त्याच शाळेत शिकवत असे. शाळा चालवायच्या आमच्या मिससाहेब. अमेरिकेच्या, बिनलग्नाच्या, उंच, उन्हानं भाजून विटेसारख्या झालेल्या. मराठी पुस्तकी आणि शुद्ध, पण मध्येच एखादा 'लई' असा ठेवून द्यायच्या की पोरं खिदळायची. त्यांच्या टेबलावर एक वाळका भोपळा होता, लाकडी मूठ बसवलेला, आत बिया. हलवला की खुळखुळ वाजे. वस्तीतल्या बाया त्याला खुळखुळा म्हणत आणि लग्न न झालेल्या बाईनं खुळखुळा का ठेवलाय यावर बरंच काही बोलत. मीही त्यात एखादं वाक्य घातलं असेल.

त्याची गोष्ट त्यांनी मला एका दुपारी शाळा सुटल्यावर सांगितली. त्यांचं बालपण अमेरिकेच्या अॅरिझोना नावाच्या मुलखात गेलेलं. आपल्या भूमसारखाच कोरडा मुलूख, म्हणाल्या, फक्त बाभळीऐवजी माणसाहून उंच निवडुंग. तिथं यावापाई नावाचे मूळचे लोक राहत. फौजेनं त्यांना एका हिवाळ्यात त्यांच्या जमिनीवरून उठवून डोंगरापलीकडं परक्या जागी पायी हाकत नेलं. वाटेत म्हातारी माणसं, लेकरं गेली. किती तरी वर्षांनी उरलेले लोक परत आपल्या नदीकाठी आले. ते परतल्यावर त्यांच्यामागं प्रेस्बिटेरियन मिशन आलं आणि मिससाहेबांचे वडील त्या मिशनातच काम करू लागले. सुरुवातीला देऊळ म्हणजे फांद्यांचा मांडव. खाली माती, बसायला ओंडके. त्यांचे वडील इंग्रजीत बोलत आणि त्यांच्यातलाच एक माणूस उभा राहून त्यांच्या भाषेत सांगे. बाया वेताच्या कामट्यांसारख्या काड्यांच्या टोपल्या विणत विणत ऐकत. त्या टोपल्या इतक्या घट्ट असत की पाणी ठरावं. पुढं भिंती झाल्या, घंटा आली, मंडळीनं आपले वडील निवडले.

"देऊळ त्यांना हवंच होतं," मिससाहेब म्हणाल्या. "जमीन गेलेल्या लोकांना एकत्र बसायला एक जागा मिळाली. ते माझ्या वडिलांवर प्रेम करत. म्हणून तर त्यांनी ऐकलं."

ऐकलं म्हणजे असं की, त्यांचे वडील म्हणाले, जुनी गाणी आणि ती वाजवायचे भोपळे देवळाच्या बाहेर ठेवा. एका म्हाताऱ्यानं बाप्तिस्म्याच्या दिवशी आपला भोपळा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घरात शोभेला ठेवला. म्हातारा दर रविवारी येई, पहिल्या ओंडक्यावर बसे, गात मात्र नसे. तो गेल्यावर त्याच्या नातवंडांनी येऊन विचारलं, आजोबा कोणती गाणी म्हणत? मिशनच्या बंगल्यात भोपळा होता, गाणं कुणालाच येत नव्हतं. "माझे वडील त्या दिवशी जेवले नाहीत," मिससाहेब म्हणाल्या. "मला हा भोपळा देताना म्हणाले, मी त्या माणसाला काहीच विचारलं नव्हतं."

हे ऐकल्यावर मी गप्प कशी बसणार? मी त्यांना मामंजींचं सगळं सांगितलं. मिससाहेब दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आल्या. मामंजी बाजेवरून उठून उभे राहिले, हात जोडून, मान खाली. त्यांची उभं राहायची तीच पद्धत होती, पाटलांपुढं असो की मिससाहेबांपुढं. मिससाहेबांनी हलगी बघायला मागितली. मामंजींनी ती काढून पुढं धरली आणि बोटानं तीच एक टिचकी मारली. मिससाहेबांचे डोळे भरून आले. मामंजी घाबरले. म्हणाले, "काय चुकलं का, बाई?"

इथवर सगळं बरं चाललं होतं. मिससाहेब चांगल्या होत्या आणि घाईच्या होत्या, आणि चांगल्या माणसाच्या घाईला कुणी आवरत नाही. पुढच्याच रविवारी उपासना संपताना त्यांनी उभं राहून जाहीर केलं की यंदा सुगीच्या सणाला, मंडळी ज्वारीची पहिली कणसं देवापुढं आणते तेव्हा, देवळात हलगी वाजेल. "मी बाबांना तसं सांगितलं आहे," त्या मामंजींकडं हात करून म्हणाल्या.

देवळात बायकांच्या बाजूलासुद्धा सतरंजीचे धागे ओढणारी बोटं थांबली. आमच्या ह्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसली. मामंजी दाराजवळ बसले होते, खाली बघत. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते मी पाहिलं, आणि मला वाटतं, आणखी कुणी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मंडळीच्या वडिलांची बैठक शाळेच्या खोलीत बसली. मिससाहेब सोडल्या तर बायकांना त्यात बोलायचा हक्क नव्हता, चहा द्यायचा होता. तो मी सावकाश दिला. मामंजी बाहेर पायरीवर बसलेले. मांडीवर धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली हलगी. त्यांनी ती सकाळीच शेकून आणली होती. दार बंद होतं, आतलं त्यांना ऐकू येत नसावं. निदान मी तसं धरून चालले.

आमचे हे बोलले. यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "मिससाहेब, तुमच्या तिकडं त्या लोकांकडनं त्यांचं वाजवणं काढून घेतलं. ते वाईट झालं. पर आमच्याकडनं कुणी काढून न्हाय घेतलं. आमी ते खाली ठेवलं. आमची आजी घरात मरून पडली व्हती आणि बाबा पाटलाच्या दारात वरातीपुढं वाजवत व्हते, कारण न्हाय म्हणायची सोय न्हवती. देवळानं आमाला न्हाय म्हणायला शिकवलं. आता देवळातच हलगी वाजली तर सोमवारी गाव दारात येईल. म्हणल, देवापुढं वाजवता, मग आमच्यापुढं का न्हाय?"

मी कपबशी हातात धरून उभी. मला यांचं म्हणणं पटत होतं, हीच अडचण होती. यातला एक शब्द खोटा नव्हता.

मिससाहेब म्हणाल्या, "परंतु ही त्यांची स्वतःची इच्छा आहे."

"तुमी सांगितल्यावर ते इच्छा हाय असंच म्हणणार की," दुसरे एक वडील म्हणाले. "पाटलानं सांगितलं तरी व्हय म्हणायचे. त्यांना न्हाय म्हणता येतं का कुणाला?"

"तर मग त्यांना आत बोलावून विचारा."

"तुमच्यासमोर? हात जोडून उभे राहतील आणि तुमच्या मनातलं बोलतील. म्हाताऱ्या माणसाची परीक्षा कशाला घ्यायची."

मिससाहेबांनी खालमानेनं टेबलाची कड धरली. मंडळीत निर्णय वडिलांनी घ्यायचा, मिशनच्या माणसानं नाही, हे त्यांनीच या लोकांना शिकवलं होतं, रेटून शिकवलं होतं. लोक ते शिकले होते. त्यांच्या कष्टाचं फळ समोर बसलेलं होतं आणि ते त्यांना मानावं लागलं. हात वर झाले. हलगी देवळात वाजणार नव्हती.

पाटलाच्या माणसाला ठणकावून 'म्या न्हाय येणार' म्हणणारा माणूस तोच होता, दाराबाहेर पायरीवर बसलेला. ज्या वाक्याचा सगळ्यांना अभिमान, ते वाक्य बोलणाऱ्यालाच स्वतःचं मन नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आज इतक्या वर्षांनीही हे आठवलं की मला चीड येते, आणि चिडायचं कुणावर ते कळत नाही. सगळे त्यांच्यावर जीव टाकणारे होते.

आमच्या ह्यांनी दार उघडलं आणि वाकून, अगदी मायेनं, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, चला घरी. मी सांगितलं त्यांना. आता तुमाला कुणाच्यापुढं वाजवायची गरज न्हाय."

मामंजींनी मुलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं." गुंडाळलेली हलगी काखेत घेतली आणि चालू लागले.

सुगीचा सण पेटी आणि टाळांवर झाला. त्यानंतर दमट हवा आली, गेली, परसात जाळ झाला नाही. मी एकदा कडबा आणून ठेवला. तो त्यांनी म्हशीला घातला. मी म्हटलं, "मामंजी, कातडं मरंल." ते म्हणाले, "मरू दे पोरी. त्याला तरी किती वर्सं जागं ठेवायचं."

पुढं मिससाहेबांची नोकरी संपली. जाताना त्या आमच्या दारात आल्या. त्यांना मामंजींशी काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांच्यासमोर ते पुन्हा हात जोडून उभे राहिले आणि मिससाहेबांना बोलता आलं नाही. भोपळा परत त्या लोकांना नेऊन देणार आहे, एवढं त्यांनी मला सांगितलं. एसटीत बसल्यावर तो त्यांच्या मांडीवर होता. गाडी खड्ड्यातून गेली की आत बिया वाजत असतील.

मामंजी त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. तापाचं निमित्त झालं. ते गेल्याचं कळल्यावर गावातून निरोप आला की शेजारच्या गावचे हलगीवाले पाठवतो, मयतीला वाजवणं पाहिजे. आमच्या ह्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "नको." बापाचा आवाज जसाच्या तसा. प्रार्थना झाली, गीत झालं, माती दिली.

घरी परत आल्यावर हे बराच वेळ दाराआडच्या भिंतीकडं बघत उभे राहिले. मग हलगी काढली, परसात गेले, कडबा पेटवला. मी मागं गेले. शाळेत इतकी वर्षं खडू धरलेल्या हातांनी ते हलगी जाळावर फिरवत होते, मामंजी फिरवत तशीच, पण लांबून बघून शिकल्यासारखी. तळहात फिरवला. टिचकी मारली. ओल्या पोत्यावर मारावी तसा आवाज आला. पुन्हा जाळावर धरली, आणखी जवळ. कातडं कडेपासून मधोमध तडकलं.

हे ती तशीच हातात धरून खाली बसले. जाळ विझत आला तेव्हा मला म्हणाले, "किती शेकायची ते तुला सांगितलं व्हतं का बाबांनी कधी?"

मी नाही म्हटलं. यांनी मान हलवली. "मी पण कधी विचारलं न्हाय," ते म्हणाले.