नीलिमाच्या कादंबरीतली पत्रं

हे मी कुणाशी बोललेली नाही. सख्ख्या बहिणीशीसुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. पण आता सुरुवात केलीय, तर सांगतेच.

नीलिमा साताऱ्याची. नवऱ्याला पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून इंदूरला आली आणि अन्नपूर्णा भागात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहू लागली. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलेलं नाही. घरी मी आणि माझी पुस्तकं. ती लिहायची, मी वाचायची — बस, जमलं. माझं इंदुरी मराठी ऐकून ती हसायची. "शुभा, तुझ्या एका वाक्यात तीन शब्द हिंदी असतात गं!" मला राग नाही यायचा. इतकं जवळचं माणूस मला त्याआधी मिळालंच नव्हतं.

एका दुपारी गच्चीवर मेथी निवडताना मी तिला अण्णांचं सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हाची गोष्ट. दर महिना-दोन महिन्यांनी एक पत्र यायचं — कधी देपालपूरचं, कधी देवासचं. मुलगी पसंत आहे म्हणून. अण्णा मोठ्याने वाचायचे आणि स्वतःच म्हणायचे, "धान्याचे व्यापारी आहेत. आपल्या शिकलेल्या मुलीचं तिथे काय काम? मी 'नाही' म्हणून कळवतो." मतलब, नकार आपला! चार वर्षं मी ताठ मानेने हिंडले. मग एकदा ती पाकिटं माझ्या हाती लागली. सगळ्यांवर शिक्का आमच्याच पोस्टाचा. अक्षर बदललेलं, पण तो 'ळ' — तो अण्णांचाच.

मी सगळी पत्रं त्यांच्या जेवत्या ताटाशेजारी फेकली. घरात पाहुणे होते. अण्णांनी ताट बाजूला सारलं. हात धुऊन उठले. त्यानंतर पत्र आलं नाही, आणि आम्ही दोघंही नीट बोललो नाही — ते जाईपर्यंत.

हे मी फक्त नीलिमाला सांगितलं होतं.

दोन वर्षांनी तिने एक जाडजूड बाड माझ्या हातात ठेवलं. कादंबरी. म्हणाली, "तुझ्या अण्णांवरून सुचलीय. गाव बदललंय, नावं बदललीत. पण तू नको म्हणालीस, तर मी कुणाला देणार नाही. खरं सांग हं."

किती सरळ विचारलं होतं तिने. नको म्हणायची मला मोकळीक होती — हे लक्षात ठेवा.

रविवारी मी ते एका बैठकीत वाचलं. तो शिक्का होता, तो 'ळ' होता. विश्वासाने सांगितलेलं कुणी असं टाइप करून परत देतं का? पण खरा घाव पुढे होता. तिच्या कादंबरीतली मुलगी पत्रं फेकतच नाही. गप्प राहते. आणि आठवड्याने स्वतःच एक पत्र लिहून पेटीत टाकते — कुठल्याशा घराण्याच्या नावाने, वडिलांना. वडील अक्षर ओळखतात, तरी मोठ्याने वाचतात. मग पत्रं चालूच राहतात. दोघांना सगळं माहीत, आणि दोघं एक शब्द काढत नाहीत.

मी रडले. आणि मग अंगाची आग झाली. माझे अण्णा नेऊन तिने त्यांना माझ्याहून चांगली मुलगी दिली होती. हे करायला तिला कुणी सांगितलं होतं?

नको म्हटलं असतं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. ते मला जमणार नव्हतं. म्हणून मी म्हटलं — अगदी शांतपणे — "पहिला भाग छान आहे. पण ती मुलीची पत्रं... नीलिमा, हे मी वाचलंय. भाषांतरित कादंबरी होती, बहुतेक बंगाली. नाव आठवत नाही."

तिचा चेहरा उतरला. "मीही वाचली असेन का गं? आणि विसरले असेन?"

"होतं असं," मी म्हणाले.

असं पुस्तक नाही. मी असलं काही कधी वाचलेलं नाही. अण्णा माझे होते, पण ती मुलीची पत्रं निव्वळ नीलिमाची होती. तिच्या एकटीच्या डोक्यातून आलेली. मी नेमकी तीच उसनी ठरवली.

तिने ते पुस्तक महिनोन्‌महिने शोधलं. मीही तिच्याबरोबर ग्रंथालयात गेले, कपाटं चाळली. हो — गेले! मी नको म्हटलं नव्हतं, म्हणून त्याच काळात तिने मुंबईच्या एका पटकथाकाराला काही प्रकरणं वाचायला दिली होती; त्याला सिनेमा लिहायचा होता. तिने त्याला फोनवर खरं खरं सांगून टाकलं. तो हसला म्हणे. "मॅडम, सगळेच कुठून ना कुठून घेतात. दोन सीन बदलू." तिने नकार दिला. मग माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना म्हणाली, "वडील तुझे, मुलगी त्या पुस्तकातली. माझं काय आहे त्यात?"

तेव्हा सांगता आलं असतं. कप धुवायला मी पाठ फिरवली.

त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. नवरा निवृत्त झाल्यावर दोघं साताऱ्याला परतले.

गेल्या महिन्यात तिने मला व्हिडिओ पाठवला. तिथल्या कॉलेजात मुलांना लेखनाबद्दल सांगायला तिला बोलावलं होतं. केस पांढरे झालेत, आवाज तोच. प्रभाव कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते, ते लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "मला एका मैत्रिणीने वाचवलं. ती खरं बोलली नसती, तर मी चोर ठरले असते." आणि तिने माझं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

व्हिडिओखाली तिने लिहिलं होतं — न विचारता तुझं नाव घेतलं. चालेल ना?

मी लिहिलं, चालेल.